हा आवाज माझा नाही

पाणीपुरवठा खात्याच्या माहिती कक्षात एक कारकून बाई होत्या. खात्यात आणि खात्याबाहेर सगळे त्यांना पाणीताई म्हणत. नळाला पाणी किती वाजता येणार, कुठे दुरुस्ती चालू आहे, कुठली टाकी धुवायला काढली आहे, हे टेलिफोनवर सांगणारी सूचना गेली एकोणीस वर्षं त्यांच्या आवाजात होती.

त्यांच्या नेमणूकपत्रात आवाजाचा उल्लेख कुठेही नव्हता. एकोणीस वर्षांपूर्वी ठेकेदाराने पाठवलेली मुलगी ‘दुरुस्ती’ला काही केल्या ‘दुरुस्थी’च म्हणत राहिली, तेव्हाचे साहेब वैतागले आणि म्हणाले, “ताई, तुम्हीच म्हणा बघू एकदा.” त्यांनी म्हटलं, आणि ते काम अक्षरशः गळ्यात पडलं. कक्षाच्या मागे कपाटाएवढी एक खोली होती. तिच्या भिंतींना जुन्या गाद्यांचा फोम चिकटवला होता. दार लावायचं, पंखा बंद करायचा, घाम पुसायचा आणि बोलायचं. दुकानात “अर्धा किलो कांदे द्या” एवढं म्हटलं तरी आजूबाजूची माणसं माना वळवायची. कुणीतरी विचारायचंच, “ताई, उद्या येणार ना पाणी?” त्यांना ते आवडायचं. वरवर वैतागल्यासारखं दाखवायच्या, पण आवडायचं.

त्या मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ जवळजवळ पळतच कक्षात आले. हातात कागद होता आणि त्यावर साहेबांची सही होती.

“ताई, हे आत्ताच्या आत्ता चढवा. नव्या केंद्रातला तुरटी सोडणारा पंप काल दुपारपासून अडकून बसला होता. उघडाच. रात्रभर पाण्यात तुरटी पडत होती.”

“तुरटी तर आपण नेहमीच टाकतो की.”

“चिमूटभर टाकतो हो. ही पोत्यांनी गेलीय. तीन ठिकाणचे नमुने तपासले मी. हे पाणी पोटात जाता कामा नये.”

पाणीताईंनी कागद वाचला. ‘नवीन शुद्धीकरण केंद्रातून येणारे पाणी पुढील सूचना मिळेपर्यंत पिऊ नये. उकळूनही पिऊ नये.’ खोलीत जाऊन त्यांनी सूचना दोनदा म्हटली. दुसऱ्या वेळी ‘उकळूनही’वर थोडा जोर दिला, कारण लोक नेमके तिथेच चुकतात हे त्यांना ठाऊक होतं. दहा वाजून पन्नास मिनिटांनी सूचना टेलिफोनवर लागली.

अकरा वाजून बारा मिनिटांनी साहेब स्वतः उठून आले. ते कधी कक्षात येत नसत.

“काढा ती.”

“काढू? का?”

“वरून आलंय. फेरतपासणी होऊ दे म्हणतात.” साहेब भिंतीकडे बघत बोलत होते. भिंतीवर नव्या केंद्राच्या उद्घाटनाचा फोटो होता. मंत्र्यांनी फीत कापून जेमतेम नऊ दिवस झाले होते.

“आणि तोवर लोक पितील त्याचं काय, साहेब?”

“ताई, तुम्ही वाचायचं काम करा. बाकी मला करू द्या.”

त्यांनी सूचना काढली आणि कालची, टाकी धुण्याची, पुन्हा लावली. हात आपोआप चालले. सूचना बावीस मिनिटं लागलेली होती. यंत्रावरचा आकडा सांगत होता की तेवढ्या वेळात एकसष्ट जणांनी ती ऐकली.

त्या एकसष्टांत एक नर्स होती. ती डायलिसिस केंद्रात काम करायची. किडनी निकामी झालेल्या माणसांचं रक्त धुणाऱ्या त्या यंत्रांना भरपूर आणि अगदी शुद्ध पाणी लागतं, म्हणून ती रोज न चुकता फोन करून पाण्याची चौकशी करायची. सूचना ऐकताच तिने पुन्हा नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकला, दुसऱ्या फोनवर आवाज भरून घेतला आणि आपल्या तेवीस पेशंटांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आज कुणीही नळाचं पाणी घोटभरसुद्धा पिऊ नका. केंद्रातल्या पाण्याचं मी बघते.’ तिने केलं ते एवढंच.

पण ग्रुपवर टाकलेली गोष्ट ग्रुपवर थांबत नाही. एका पेशंटच्या सुनेने ती माहेरी पाठवली, तिथून ती आणखी कुठे कुठे गेली. दुपारी तीनपर्यंत तिला शेपटं फुटली होती. ‘चौदा जण दगावले.’ ‘पाण्यात विष कालवलं, बाहेरून आलेल्या लोकांचं काम.’ कुठल्यातरी दुसऱ्याच तलावातल्या मेलेल्या माशांचा फोटोही सोबत फिरू लागला. संध्याकाळी नव्या केंद्राच्या फाटकावर जमाव गेला. म्हातारा पहारेकरी आतल्या बाजूने सांडलेली तुरटी झाडून पिशवीत भरत होता. लोकांना वाटलं, हेच विष. त्याला त्यांनी बाहेर ओढलं. पोलीस येईपर्यंत त्याचा हात दोन ठिकाणी मोडला होता.

सहाच्या सुमारास खऱ्या-खोट्याची छाननी करणाऱ्या सरकारी कार्यालयाने तीच ध्वनिफीत लाल शिक्का मारून प्रसिद्ध केली. ‘खोटे. ही सूचना संगणकाच्या मदतीने बनवलेली आहे. खात्याने अशी कोणतीही सूचना दिलेली नाही.’

पाणीताईंना ते मुलीने दाखवलं.

“आई, हा तुझाच आवाज आहे ना?”

“माझाच.”

“मग हे असं काय लिहिलंय?”

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, आणि घरी आल्यावरही त्याच्या हातात कुठला ना कुठला पुर्जा असायचा. तो म्हणाला, “चुकून लिहिलं असेल. उद्या दुरुस्त करतील.” मग पुर्जा खाली ठेवून त्याने माठ ओतून टाकला.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला पाणीताईंना साहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं. साहेबांच्या खुर्चीत सायबर शाखेचे एक तरुण अधिकारी बसले होते आणि साहेब बाजूच्या खुर्चीत. अधिकारी उठून उभे राहिले, नमस्कार केला, पाणीताईंना बसायला सांगितलं.

“माझी आई रोज तुमचा आवाज ऐकते, ताई. म्हणते, या बाई सांगतात म्हणजे पाणी येणारच.”

पाणीताई हसल्या. हसल्याबद्दल त्यांना पुढे कितीतरी दिवस स्वतःचा राग येत राहिला.

अधिकाऱ्यांनी मोबाइलवर एक फोटो समोर धरला. दवाखान्यातल्या खाटेवर पहारेकरी होता, हात प्लॅस्टरमध्ये, एक डोळा मिटलेला. “ही त्या फितीची करामत. आज हात मोडलाय, उद्या कुणाचा जीव जाईल. लोकांना शांत करायला हवं, आणि लोक तुमचं ऐकतात.”

“मग खरं ते सांगू या ना. तुरटी जास्त झालीय, दोन दिवस पिऊ नका. विषबिष काही नाही. शांत होतील लोक.”

“ते तज्ज्ञ बघतील.”

“रसायनतज्ज्ञ कुठे आहेत?”

“रजेवर गेलेत,” साहेब पटकन म्हणाले.

अधिकाऱ्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. ‘समाजमाध्यमांवर फिरणारी ध्वनिफीत मी ऐकली आहे. हा आवाज माझा नाही. मी अशी कोणतीही सूचना दिलेली नाही. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.’

“पण आवाज माझाच आहे,” पाणीताई म्हणाल्या.

“ताई, नीट विचार करा हं. तुमचा असेल, तर खात्याची अंतर्गत सूचना बाहेर गेली कशी, हा प्रश्न येतो. ती यंत्रावर चढवणाऱ्या तुम्ही. मग चौकशी तुमच्यापासून सुरू होते.” अधिकाऱ्यांचा आवाज जराही चढला नव्हता. “तुमच्या मुलीची शाळेत निवड झालीय ना? शिक्षिका म्हणून? अभिनंदन. पोलीस पडताळणी बाकी आहे वाटतं. ती आमच्याकडेच येते.”

टेबलावर अधिकाऱ्यांसमोर सीलबंद बाटली होती. त्यांना पाणी मागावंसं वाटलं, पण मागवेना.

“पंप बंद झालाय ना?” त्यांनी साहेबांना विचारलं.

“कालच बंद केला. दोन-चार दिवसांत सगळी लाइन धुऊन निघेल. शपथेवर सांगतो.”

हे दोन-चार दिवस पुढे कितीदा तरी त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. तेव्हा मात्र त्यांनी त्याच शब्दांना धरून ठेवलं. पहारेकऱ्याचा मोडलेला हात, मुलीच्या नोकरीचं पत्र, आणि दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे. केबिनच्या कोपऱ्यात कॅमेरा आधीपासूनच लावलेला होता. त्यांनी कागद घेतला आणि एका दमात, एकही चूक न करता वाचला. एकोणीस वर्षांची सवय होती.

“व्वा,” अधिकारी म्हणाले. “दुसऱ्यांदा करायची गरजच नाही.”

व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. लोक म्हणाले, पाणीताई स्वतः सांगतायत म्हणजे झालं. ज्यांनी पिंपं ओतून टाकली होती त्यांनी ती पुन्हा भरली.

आणि इथून पाणीताईंच्या घरातच त्यांची कोंडी सुरू झाली. नवऱ्याने पाण्याचे दोन कॅन आणले, तर जिन्यात शेजारच्या वहिनी भेटल्या. “अहो भाऊजी, कॅन कशाला? ताईंनी तर सांगितलं पाणी चांगलं आहे.” तो गडबडला, म्हणाला, “दुकानात लागतात.” आणि खरोखरच कॅन घेऊन खाली उतरला आणि दुकानात गेला. मग रोज अंधार पडायच्या सुमारास तो शिलाई मशीनच्या खोक्यात बाटल्या घालून घरी आणू लागला. सकाळी सातला नळ आला की पाणीताई दार उघडं ठेवून मोठ्याने भांडी वाजवत पाणी भरायच्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि दार लावून ते मोरीत ओतायच्या.

तिसऱ्या दिवशी वहिनी तांब्या घेऊन आल्या. त्यांची मोटर बिघडली होती. “घोटभर द्या हो, पोराला गोळी घ्यायचीय.” पाणीताईंनी त्यांना बाटलीतलं पाणी दिलं. वहिनींच्या हातात तांब्या गेल्यावर त्या म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही घरी… जरा दुसरं पाणी वापरा ना. थोडे दिवस.”

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. “का हो?”

“काही नाही. उगीच आपलं.”

“ताई, तुम्ही टीव्हीवर एक सांगता, दारात एक सांगता. धरायचं काय माणसाने?”

त्या गेल्या. दाराआड मुलगी उभी होती. त्या दिवसापासून तिने आईशी लागेल तेवढंच बोलायला सुरुवात केली.

शनिवारी पेपरात बातमी आली. बनावट सूचना तयार करून दहशत पसरवल्याबद्दल डायलिसिस केंद्रातल्या एका नर्सला अटक झाली होती. ‘संबंधित कर्मचारी महिलेच्या जबाबावरून फीत बनावट असल्याचे स्पष्ट झाले आहे,’ असं छापलं होतं. पाणीताईंनी ते वाक्य तीन-चारदा वाचलं. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, कुणावर बोट ठेवलं नव्हतं. तरी एक मुलगी त्यांच्या चार वाक्यांवर आत गेली होती.

सोमवारी खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ आले. बसमध्ये कंडक्टर होते, निवृत्त झालेले. बोटं अजून तिकिटं मोजल्यासारखी हलत होती.

“पाणीताई आपणच का?”

“बोला.”

ते हळूच म्हणाले, “बास. हाच. हाच आवाज.”

पाणीताईंनी इकडेतिकडे बघितलं. कक्षात दोघे जण होते आणि दोघांचीही मान फायलीत होती, नको तेवढी.

“माझी मुलगी आत आहे,” ते गृहस्थ म्हणाले. “नर्स. तिला साधा फोटो कापून नीट करता येत नाही हो मोबाइलवर, मला विचारते. ती आवाज कुठून बनवणार? मला बाकी काही नको. तुम्ही मला फक्त सांगा, ते तुम्ही बोलला होतात की नाही. कोर्टात नका सांगू. मला सांगा. निदान घरी जाऊन तिच्या आईला सांगता येईल, की पोरगी खोटारडी नाही.”

“काका, मला इथे बोलता येत नाही.”

“मग कुठे येतं?”

गृहस्थांनी थोडी वाट बघितली आणि मग वकीलबाईंचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी खिडकीच्या फटीतून आत सरकवली. पाणीताईंनी ती तळहाताखाली झाकली.

त्या आठवड्यातच त्यांना आवाजाचा नमुना द्यायला बोलावणं आलं. नर्सच्या वकीलबाईंनी कोर्टात मागणी केली होती की फितीतला आवाज आणि पाणीताईंचा आवाज ताडून बघावा. तपासणीच्या इमारतीत जाताना सायबर शाखेचे अधिकारी दारातच भेटले.

“काय ताई, सर्दी झालीय का? वातावरणच असं आहे. घसा बसला असेल तर बसलेल्या घशाने वाचा. कुणी काही म्हणणार नाही.”

आत काचेमागे त्यांना बसवलं आणि तीच सूचना वाचायला दिली. त्यांच्यापुढे दोन रस्ते होते आणि दोन्ही त्यांना स्वच्छ दिसत होते. घसा बसवायचा, की नाही. त्यांनी खाकरून घसा मोकळा केला आणि मंगळवारी वाचली होती तशीच ती वाचली, ‘उकळूनही’वर तसाच जोर देऊन. वाचून झाल्यावर बऱ्याच दिवसांनी छाती मोकळी वाटली. त्यांना वाटलं, सुटले. आता यंत्रच सांगेल.

यंत्राने सांगितलंही. दहा दिवसांनी अहवाल आला. चिठ्ठीवरचा पत्ता शोधत पाणीताई वकीलबाईंच्या ऑफिसात गेल्या तेव्हा तो टेबलावरच होता.

“दोन्ही आवाज तंतोतंत जुळतात,” वकीलबाई म्हणाल्या.

“मग झालं तर!”

“पुढे ऐका. ‘इतके तंतोतंत साम्य नैसर्गिक बोलण्यात आढळत नाही. ‘उकळूनही’ या शब्दावरील आघातही हुबेहूब आहे. यावरून फीत मूळ आवाजाच्या नमुन्यांवरून यंत्राने तयार केली असावी.’”

पाणीताई कागदाकडे बघत राहिल्या. “म्हणजे मी वेगळं वाचलं असतं तर…”

“तर आवाज तुमचा नाही असं म्हटलं असतं.”

“आणि सारखं वाचलं तर तो यंत्राचा.”

“हो.”

मग त्यांनी वकीलबाईंना सगळं सांगितलं, रसायनतज्ज्ञांच्या कागदापासून कॅमेऱ्यापर्यंत. वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्र तयार केलं. सही करण्याआधी त्यांनी विचारलं, “घरी बोललात का?” पाणीताई म्हणाल्या, “घरी गेले तर सही होणार नाही.” आणि सही केली.

घरी गेल्यावर मात्र त्यांनी मुलीला समोर बसवलं आणि फोन तिच्या हातात दिला. “धर. मी बोलते, तू भर.” मुलीने फोन धरला. ‘मी पाणीपुरवठा खात्यात काम करते. ती सूचना मीच दिली होती. साहेबांच्या सहीने दिली होती. तो आवाज माझा नाही असं मी दडपणाखाली म्हटलं. त्या नर्सबाईंची काहीही चूक नाही.’ “आई,” ती म्हणाली, “माझ्या पत्राचं बघू नकोस तू.” आणि तिनेच तो व्हिडिओ टाकला.

व्हिडिओ तासाभरात हजारो लोकांनी बघितला. दुसऱ्या तासात त्यावर लाल शिक्का आला. खोटे. शेजारी त्यांचा पहिला व्हिडिओ लावला होता, त्यावर हिरवा शिक्का. खरे. खाली लोकांनी लिहिलं होतं, ‘किती हुबेहूब बनवतात बघा आजकाल!’ ‘ओठांकडे नीट बघा, हलताना चुकतात.’ ‘बिचाऱ्या पाणीताई, त्यांना कशाला छळता?’ पाणीताईंनी स्वतःच्या ओठांकडे नीट बघितलं. त्यांनाही क्षणभर वाटलं की चुकतायत.

सकाळी त्या स्वतःच सायबर शाखेत गेल्या. अटक होणार म्हणून पिशवीत दोन साड्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या होत्या. अधिकाऱ्यांनी चहा मागवला.

“तुम्हाला अटक? कशाबद्दल?”

“मी काल बोलले त्याबद्दल.”

“पण तुम्ही काही बोललाच नाहीत, ताई. तो व्हिडिओ बनावट आहे. छाननी कार्यालयाने तपासलाय.” त्यांनी एक कोरा अर्ज पुढे केला. “उलट आम्ही तुमचीच वाट बघत होतो. तुमच्या आवाजाचा गैरवापर झालाय. अज्ञात व्यक्तीविरुद्ध तक्रार द्या.”

“मी तुमच्यासमोर बसलेय. समोर बसून सांगतेय, मीच बोलले.”

“समोर सांगताय ना. मग मला सांगा. मी ऐकलं.” ते हसले नाहीत. “चहा घ्या.”

तक्रार त्यांनी दिली नाही. अर्ज कोराच टेबलावर ठेवून त्या बाहेर आल्या. हातात साड्यांची पिशवी होती आणि जायला घराशिवाय दुसरी जागा नव्हती.

त्याच आठवड्यात निलंबनाचा हुकूम आला. कारण लिहिलं होतं, ‘कार्यालयीन शिस्तीचा भंग.’ निलंबनातही रोज खात्यात हजेरी लावायची होती. जुन्या मीटरांच्या गोदामाशेजारी एक खोली, एक खुर्ची, सहीचं रजिस्टर. काम काही नाही. हुकुमात एक कलम होतं, की चौकशी पूर्ण होईपर्यंत प्रकरणाबद्दल कुणाशीही बोलू नये.

टेलिफोनवरची सूचना मात्र चालूच होती. एकोणीस वर्षांच्या फिती खात्याकडे होत्याच. कुठल्याशा कंपनीने त्यांवरून यंत्र शिकवलं आणि आता कागद टाइप केला की पाणीताईंचा आवाज आपोआप बोलायचा. ‘नवीन केंद्राचे पाणी सर्व कसोट्यांवर उत्तम ठरले आहे,’ असं त्यांनी एकदा स्वतःच्याच फोनवर ऐकलं. ‘उत्तम’चा उच्चार त्या करतात तसाच होता.

एकदा एक माणूस मीटरचा अर्ज घेऊन चुकून त्यांच्या खोलीत आला. त्यांनी त्याला योग्य खिडकी सांगितली. तो थांबला. “तुमचा आवाज अगदी फोनवरच्या बाईंसारखा आहे हो.”

“मीच ती.”

“काहीतरीच काय ताई!” तो हसला. “ती मशीन आहे. सगळ्या जगाला माहितीय.” आणि खिडकीकडे गेला.

पाणी साधारण आठव्या दिवशी खरोखरच नीट झालं होतं. त्याची सूचना लागली नाही; जे बिघडलंच नव्हतं ते सुधारलं असं कोण सांगणार? नर्सच्या तेवीस पेशंटांपैकी बावीस जण तिने सांगितल्यामुळे त्या दिवसांत नळाच्या पाण्यापासून लांब राहिले. एका आजोबांच्या घरच्यांनी मात्र पाणीताईंचा पहिला व्हिडिओ बघून ते पाणी पुन्हा प्यायला दिलं होतं. त्यात नर्स अटकेत असल्यामुळे केंद्र चार दिवस बंद होतं. ते आजोबा गेले. कशाने गेले हे कुणी लिहून दिलं नाही. पाणीताईंना हे नर्सच्या वडिलांनी सांगितलं, तेही ताईंनी खोदून खोदून विचारल्यावर.

नर्सला पंचवीस दिवसांनी जामीन मिळाला. फोन वापरायचा नाही आणि केंद्रात पाऊल ठेवायचं नाही, या अटींवर. खटल्याच्या पहिल्या तारखेला पाणीताई तिला कोर्टाच्या व्हरांड्यात भेटल्या. त्या माफी मागायला गेल्या होत्या, पण तोंड उघडल्यावर नर्सने हात वर केला.

“नको. तुमचा आवाज ऐकला ना, की मला ते पंचवीस दिवस आठवतात. साक्ष द्या. बाकी माझ्याशी बोलू नका.”

पाणीताई मान हलवून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. वकीलबाई येऊन म्हणाल्या की आज नंबर लागणार नाही, पुढची तारीख सात आठवड्यांनी. मग त्यांनी समजावून सांगितलं की उलटतपासणीत सरकारी वकील एकच प्रश्न विचारतील, आणि त्याची तयारी करून ठेवा.

तयारी घरीच चालते. मुलीचं पत्र अजून आलेलं नाही. चौकशी केली की ‘पडताळणी प्रलंबित’ असं उत्तर मिळतं. ती आता एका दुकानात बसते आणि येताना पाण्याच्या बाटल्या आणते. गरज उरली नाही तरी आणते. संध्याकाळी नवरा मशीनचा डबा उघडून बसतो आणि पेचकस फिरवता फिरवता सरकारी वकील होतो. त्याला ते मुळीच जमत नाही, पण त्याच्याशिवाय करणारं दुसरं कोण?

“बाई, तुम्ही आधी म्हणालात आवाज तुमचा नाही. आता म्हणता तुमचा आहे. मग तुम्ही खोटं कधी बोललात? तेव्हा की आता?”

“तेव्हा.”

“मोठ्याने.”

“तेव्हा बोलले. मला भीती घातली होती.”

“म्हणजे कुणी भीती घातली तर तुम्ही खोटं बोलता?”

“हो. बोलले.”

“मग आज तुम्हाला कुणी भीती घातलेली नाही, हे कशावरून?”

पाणीताई इथे दर वेळी थांबतात. मुलगी स्वयंपाकघरातून बघते. नवरा पेचकस खाली ठेवतो, चष्मा काढून पुसतो.

“असू दे,” तो म्हणतो. “परत पहिल्यापासून घेऊ या का?”

“घे,” पाणीताई म्हणतात, आणि खुर्चीत सरळ बसतात.